अख्ख्या इंटरनेटचे आकडे सांभाळणारा एक माणूस: जॉन पोस्टेल यांची गोष्ट

फोन हातात आहेच, तर एक काम करा. सेटिंगमध्ये जा, वायफाय उघडा आणि जोडलेल्या नेटवर्कची माहिती बघा. तिथे आयपी अ‍ॅड्रेस दिसेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल. आता हेच तुमच्या नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या मित्राला करायला सांगा. त्याच्याकडेही बहुधा तसलाच आकडा निघेल.

हा योगायोग नाही. घरातल्या आणि ऑफिसातल्या नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन गट कायमचे राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ वाले. कुठला आकडा कशासाठी, याची एक यादी आहे आणि इंटरनेट त्या यादीवर चालतं. जवळजवळ तीस वर्षं ही यादी मुख्यतः एका माणसाच्या हातात होती. त्यांचं नाव जॉन पोस्टेल.

लोड बॅलन्सरच्या जोडीला पत्ते द्यायचे असोत की सर्व्हर फार्म उभी करायची असो, आम्ही इंजिनिअर रोज त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीनेच काम करतो. पण त्यांचं नाव मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. ते कळलं एका फसलेल्या रात्रीनंतर.

यादी कोणाकडे आहे?

पहिल्या नोकरीतली गोष्ट. रात्री साडेदहाला फोन आला की अ‍ॅप काही जणांना उघडतंय, काही जणांना नाही. सर्व्हर सगळे चालू, लोड बॅलन्सर चालू, लॉगमध्ये ठळक असं काही नाही. दोन तास डोकं आपटल्यावर कळलं की कोणीतरी एका टेस्ट मशीनला नेमका लोड बॅलन्सरचाच पत्ता दिला होता. एकाच नेटवर्कवर एकाच पत्त्याची दोन मशीन! गेटवेला कधी खरा बॅलन्सर सापडायचा, कधी ते टेस्ट मशीन.

कुठला पत्ता कोणाला दिलाय याची एक्सेल शीट होती ना, होती. पण ती एका सीनिअरच्या लॅपटॉपवर, आणि सर त्या वेळी कोकणकन्येत. रेंज नाही.

त्या रात्री दोन गोष्टी पक्क्या कळल्या. पत्ता एकाच वेळी दोघांचा असून चालत नाही. आणि यादी एकाच माणसाकडे असून भागत नाही. पोस्टेल यांनी पहिली गोष्ट सगळ्या जगाला करून दाखवली. दुसरीचा प्रश्न त्यांच्याच आयुष्यात शेवटी उभा राहिला.

शाळा, कॉलेज आणि पहिलं नेटवर्क

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडिना गावचा. शाळा लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइज भागातली. पुढे इंटरनेटच्या पायाभरणीत ज्यांची नावं घेतली जातात ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. तिघेही पुढे यूसीएलए म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचले. पोस्टेल यांनी तिथून १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी, १९६८ मध्ये मास्टर्स आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समधली पीएचडी घेतली.

ते विद्यार्थी असतानाच, १९६९ मध्ये, अर्पानेट हे नेटवर्क सुरू झालं. इंटरनेटचं हे पूर्वरूप. त्याचं पहिलं केंद्र यूसीएलएमध्येच होतं आणि पोस्टेल तिथल्या चमूत होते. लांब दाढी, पायात सँडल, बोलणं कमी. सुट्टी मिळाली की डोंगरात पायी भटकायला जाणारा माणूस.

नेटवर्क कसं चालावं यावर हे विद्यार्थी आपापसांत टिपणं लिहायचे. पहिलं टिपण क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिलं. त्यांना आरएफसी म्हणतात, म्हणजे मत मागवण्यासाठी काढलेला कागद. नाव इतकं साधं, पण इंटरनेटचे नियम आजही याच कागदांत लिहिले जातात. हे कागद तपासायचे, नीट करायचे, त्यांना क्रमांक द्यायचा आणि प्रसिद्ध करायचं हे संपादकाचं काम पोस्टेल यांच्याकडे आलं. ते त्यांनी मरेपर्यंत केलं.

मीच सांभाळू का यादी?

नेटवर्कवर मशीन वाढू लागली तशी एक साधी अडचण समोर आली. एका कॉम्प्युटरवर अनेक सेवा चालतात. येणारा निरोप कुठल्या सेवेसाठी आहे हे कळायला प्रत्येक सेवेला नंबर हवा. आणि तो सगळीकडे सारखाच हवा, नाहीतर प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारत बसावं लागेल.

मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एक छोटा आरएफसी काढला. त्यात सुचवलं की असे नंबर वाटायला कोणीतरी एक मुखत्यार असावा. आणि कंसात, प्रश्नचिन्ह टाकून, स्वतःचंच नाव पुढे केलं. अर्धी गंमत, अर्धं खरं. कोणी हरकत घेतली नाही. नोकरी अशी ठरली!

आज वेबसाइट पोर्ट ८० किंवा ४४३ वर असते आणि सर्व्हर एकमेकांना मेल पोर्ट २५ वर देतात, ती ही परंपरा. लोड बॅलन्सरवर आपण ४४३ वर ऐक असं लिहितो तेव्हा जगातल्या प्रत्येक ब्राउझरला तो आकडा आधीच माहीत असतो. कारण तो यादीत आहे.

पुढे काही वर्षं इतर संस्थांत काम करून मार्च १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संशोधन संस्थेत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. आकड्यांचं काम वाढत गेलं. जॉइस रेनॉल्ड्स या सहकारी १९८० च्या दशकात त्यांच्याबरोबर याद्या प्रसिद्ध करू लागल्या. या कामाला पुढे आयाना असं नाव पडलं. नाव मोठ्या संस्थेसारखं, पण आत बघितलं तर पोस्टेल, रेनॉल्ड्स आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

पत्ता वेगळा, पोचवणं वेगळं

ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी एक टिपण लिहून तेव्हाच्या टीसीपीच्या आराखड्यावर बोट ठेवलं. एकच प्रोटोकॉल दोन कामं करत होता. पाकीट कुठल्या पत्त्यावर जायचं हेही तोच बघणार आणि सगळी पाकिटं नीट क्रमाने पोचली का हेही तोच. त्यांचं म्हणणं होतं की ही सरमिसळ चूक आहे, थर वेगळे करा. १९७८ मध्ये ते, सर्फ आणि डॅनी कोहेन यांच्या चर्चेतून पत्त्याचा भाग खरोखर वेगळा झाला. तोच आयपी. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपी यांचे आरएफसी निघाले, संपादक पोस्टेल. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या नव्या पद्धतीवर गेलं. त्या बदलाची योजनाही त्यांनीच लिहिली होती.

ही बारीक गोष्ट वाटते, पण आमचं अर्धं काम हिच्यावर उभं आहे. पत्त्याचा थर वेगळा असल्यामुळे तो पत्ता कुठल्या डब्यावर ठेवायचा हे आपण ठरवू शकतो. वरच्या अ‍ॅपला त्याचा पत्ताही लागत नाही.

आयपीचा पत्ता ३२ बिटांचा ठरला, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या काळी हे भरपूर वाटत होतं. नंतर ते पुरेनात. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसीमध्ये ते तीन खाजगी गट नीट लिहून दिले गेले आणि ते राखून ठेवले होते आयानाने. तुमच्या फोनवरचा १९२.१६८ आला तो असा.

नावांची यादीही त्यांच्याकडेच. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस तयार केलं ते पोस्टेल यांच्याच सांगण्यावरून. कुठल्या देशाचं डोमेन कोणी चालवायचं हा निर्णयही आयानाकडे यायचा. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि सुरुवातीची बरीच वर्षं ते मुंबईतल्या एनसीएसटी या संस्थेने सांभाळलं. म्हणजे आपल्या डॉट इनची नोंदही याच यादीतून आली.

दोन लोड बॅलन्सर आणि एक फिरता पत्ता

आता थोडं आमच्या रॅकजवळ येऊ. पुढची गोष्ट समजायला हे लागेल.

समजा तुमचं तिकीट बुकिंगचं अ‍ॅप आहे. मागे सहा सर्व्हर आहेत, तीच तुमची सर्व्हर फार्म. पुढे लोड बॅलन्सर, जो येणारी गर्दी सहा जणांत वाटतो. पण हा एकच बॅलन्सर बंद पडला तर? मागचे सहाही सर्व्हर ठणठणीत आणि अ‍ॅप मात्र बंद. म्हणून बॅलन्सर दोन ठेवतात. मग प्रश्न असा की डीएनएसमध्ये पत्ता कोणाचा लिहायचा?

उत्तर आहे: दोघांचाही नाही. तिसराच पत्ता घ्यायचा, जो कुठल्याच मशीनचा स्वतःचा नसतो. त्याला व्हर्च्युअल आयपी म्हणतात. मांडणी अशी दिसते:

- बाहेरचा फिरता पत्ता: १९२.०.२.१० (डीएनएसमध्ये हाच)
- बॅलन्सर एक: बाहेरून १९२.०.२.११, आतून १०.२०.०.२
- बॅलन्सर दोन: बाहेरून १९२.०.२.१२, आतून १०.२०.०.३
- आतला फिरता पत्ता: १०.२०.०.१
- सर्व्हर: १०.२०.०.११ ते १०.२०.०.१६, सगळ्यांचा गेटवे १०.२०.०.१

फिरता पत्ता एका वेळी एकाच बॅलन्सरकडे असतो, त्याला मास्टर म्हणतात. मास्टर दर सेकंदाला मी जिवंत आहे अशी हाक देतो. दुसरा नुसता ऐकत असतो. तीन हाका चुकल्या की तो थोडं थांबून, एकूण साडेतीन सेकंदांच्या आसपास, पत्ता स्वतःकडे घेतो आणि नेटवर्कला कळवतो की आता हा पत्ता माझ्याकडे आहे. अ‍ॅप वापरणाऱ्याला फार तर एकदा रिफ्रेश करावं लागतं.

नवखे इथे एक चूक हमखास करतात. बाहेरचा पत्ता फिरता ठेवतात आणि सर्व्हरच्या गेटवेमध्ये मात्र बॅलन्सर एकचा १०.२०.०.२ टाकून मोकळे होतात. बॅलन्सर एक गेला की मागण्या दुसऱ्याकडून आत येतात, पण उत्तरं मेलेल्या दाराकडे जातात. उत्तर बॅलन्सरमधूनच परत जायचं असेल तर आतलाही पत्ता फिरता हवा आणि दोन्ही पत्ते एकत्रच हलायला हवेत.

या पद्धतीचं नाव व्हीआरआरपी. ती पोस्टेल यांनी लिहिलेली नाही. पण तिचा आरएफसी एप्रिल १९९८ मध्ये निघाला तेव्हा संपादक तेच होते. तिचा प्रोटोकॉल नंबर ११२, तिच्या हाका ज्या पत्त्यावर जातात तो २२४.०.०.१८, हे सगळं आयानाच्या यादीतलं. या पद्धतीत फिरत्या पत्त्यासाठी जो मॅक अ‍ॅड्रेस ठरवलाय तो ००-००-५ई ने सुरू होतो आणि तो गटही आयानाच्याच नावावर आहे. वरच्या मांडणीतला १९२.०.२ हा गटसुद्धा खास पुस्तकांतल्या आणि लेखांतल्या उदाहरणांसाठी राखलेला आहे, म्हणून मी तो बिनधास्त वापरला.

म्हणजे १९९८ पर्यंत मशीन मेलं तरी पत्ता कसा जिवंत ठेवायचा हे इंटरनेटने शोधलं होतं. पण यादीवाल्या माणसाचं काय? त्याचा बॅकअप कुठे होता?

२८ जानेवारी १९९८

डीएनएसच्या मुळाशी १३ रूट सर्व्हर असतात. त्या काळी ए नावाचा रूट सर्व्हर नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी अमेरिकन सरकारच्या कराराखाली चालवायची आणि बाकीचे त्याच्यावरून माहिती उतरवून घ्यायचे. इंटरनेटचा धंदा वाढला होता. यादीवर शेवटचा शब्द कोणाचा, यावर सरकार, कंपन्या आणि जुने इंजिनिअर यांच्यात ओढाताण चालू होती.

२८ जानेवारीला पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना एक मेल पाठवला. यापुढे माहिती ए कडून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्या, असं त्यात होतं. आठही जणांनी तसं केलं. त्यांचा पोस्टेल यांच्यावर तेवढा विश्वास होता. आयानाचा सर्व्हर स्वतः ए चीच प्रत घेत होता, त्यामुळे माहितीत काडीचाही फरक पडला नाही. जगात कोणाची एक साइटही बंद पडली नाही.

वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे इंटरनेट विषयाचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी सगळं पूर्ववत करायला सांगितलं. पोस्टेल यांचं म्हणणं होतं की पुढे कधी हलवावं लागलं तर जमेल का याची ही चाचणी होती. काही दिवसांत त्यांनी बदल मागे घेतला.

यावर आजही दोन मतं आहेत. कोणी म्हणतं ती खरंच चाचणी होती, कोणी म्हणतं ताकद दाखवली. इंजिनिअर म्हणून बघाल तर पत्त्यामागचं मशीन बदललं आणि वापरणाऱ्याला कळलंही नाही, असा स्वच्छ फेलओव्हर क्वचित बघायला मिळतो. पण आमच्याकडे कोणी न विचारता प्रॉडक्शनवर असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याची मीटिंग पक्की! मला वाटतं गडबड बटण दाबण्यात नव्हती. बटण दाबायचा हक्क कोणाचा हेच कुठे नीट लिहिलेलं नव्हतं. तीस वर्षं त्याची गरज पडली नव्हती, कारण जॉन आहे ना, म्हणून सगळे निर्धास्त होते.

हस्तांतर

हे अडचणीचं आहे हे पोस्टेल यांनाही कळत होतं. यादी एखाद्या व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे जावी यासाठी ते कित्येक महिने खपत होते. युरोप, आशिया आणि अमेरिकेत पत्ते वाटणाऱ्या वेगळ्या संस्था तोवर उभ्या राहिल्या होत्या. सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस आयकॅन ही नवी संस्था कागदोपत्री अस्तित्वात आली. आयानाचं काम तिच्याकडे जायचं होतं.

पुढे जेमतेम दोन आठवडे गेले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये जॉन पोस्टेल गेले. वय ५५.

बॅलन्सरच्या भाषेत सांगायचं तर हाका थांबल्या, आणि दुसरं मशीन नुकतंच रॅकमध्ये बसवलं होतं, अजून नीट चालूही झालं नव्हतं. तरीही काही बंद पडलं नाही. रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन यांनी आरएफसीचं संपादन उचललं. आयानातल्या सहकाऱ्यांनी याद्या चालू ठेवल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारने आयकॅनशी करार केला. शाळेपासूनच्या वाटेवरचे सोबती व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, तोही आरएफसी म्हणूनच, क्रमांक २४६८. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि १९९९ मधला पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर दिला.

त्यांच्यानंतर कुठल्याच एका माणसाकडे ही यादी पुन्हा गेली नाही. अमेरिकन सरकारचा करारही २०१६ मध्ये संपला. रूट सर्व्हरची नावं आजही तेराच आहेत, पण एकेका पत्त्यामागे जगभर अनेक मशीन उभी असतात आणि तुमची मागणी जवळच्याकडे जाते. त्यातली काही मुंबईतही आहेत.

तुम्ही नेटवर्क लावाल तेव्हा

पुढेमागे तुम्हीही सर्व्हर सांभाळाल, निदान कॉलेजची लॅब किंवा सोसायटीचं वायफाय तरी. तेव्हा पोस्टेल यांच्या गोष्टीतलं एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक पत्त्याची नोंद करा, पत्ता द्यायच्या आधी करा. ज्या पत्त्यावर लोक येणार तो एखाद्या मशीनला चिकटवू नका. बॅकअप खरंच उभा राहतो का ते महिन्यातून एकदा बघा, पण सगळ्यांना सांगून. आणि पत्ता हलवायचा निर्णय कोण घेणार हे आधीच लिहून ठेवा.

आमच्या टीमची शीट आता एकाच्या लॅपटॉपवर नसते. ती सगळ्यांना दिसते आणि बदल करायला दोघांची संमती लागते. त्या शीटला कोणीतरी गमतीने जॉन असं नाव दिलंय. नवीन मुलं विचारतात, हा जॉन कोण? मग ही गोष्ट सांगावी लागते.